दोन बटणांची सवय

चांगल्या सवयी लावणाऱ्यांच्याच सवयी कुणीतरी सांगायला हव्यात! आम्ही प्रेसशॉपमधली मंडळी सुट्टीला दौंडच्या बाजारात भेटलो, की चहा गार होतो पण किस्से संपत नाहीत. हसतो खूप, तोंडाची चव मात्र जाते.

शिरूरजवळच्या आमच्या कंपनीत पुण्याहून नवे एचआर साहेब आले. त्यांनी रोज सकाळी उजवा हात पुढे करून शपथ सुरू केली, ‘मी सुरक्षित काम करीन.’ अगदी शाळेतल्यासारखी! शिवाय दर आठवड्याला एक नवी सवय.

पहिली सवय वस्तू जागेवर ठेवण्याची. बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली. सुरक्षेचं ऑडिट जवळ आलं तशी बोर्डावरून हातोडा काढायलाच बंदी! कवठे येमाईचा बापू दगडाने पिन ठोकताना साहेबांना दिसला. साहेब खूश. “हातोडा जागेवर आहे ना? मग झालं!”

मग भरपूर पाणी प्यायची सवय. बाथरूमला जायला मात्र सुपरवायझरची परवानगी! पॅकिंगच्या कमलताईंनी भर मीटिंगमध्ये विचारलं, “सायेब, परवानगी पानी प्यायच्या आदी काढायची का नंतर?”

दुसऱ्या दिवशी ताईंना बाथरूमपासून सगळ्यात लांबचं टेबल मिळालं.

शमुवेल मामा प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनवर होते. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. टार्गेटसाठी सुपरवायझर एक बटण टेप लावून दाबूनच ठेवायचा. एका हाताने बटण, दुसऱ्याने माल! मामा रोज आल्या आल्या टेप सोलून टाकायचे.

“आरं, हात वाचावं म्हनून दोन बटनं दिल्यात!”

सुपरवायझर म्हणाला, “मामा, तुमची ही सवय लई वाईट हाय.”

ऑडिटच्या दिवशी टेप गायब! दोन्ही बटणं दाबताना बघून ऑडिटवाल्यांनी मामांचं कौतुक केलं, गेटवर त्यांचा फोटो लागला, ‘आदर्श सवय’. पाहुण्यांची गाडी बाहेर पडली नाही तोच टेप परत आली. मामांनी ती पुन्हा सोलली. तेव्हा सुपरवायझर त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, “मामा, तुमचं कंत्राट संपत आलंय न्हवं?”

मामांची मुलगी नर्सिंगला होती, तिची फी भरायची होती. त्यांनी ती वाईट सवय सोडली.

थोड्याच दिवसांत प्रेस खाली आली तेव्हा मामांचा उजवा हात आत होता. बोटं गेली. मला आजही संताप येतो.

बरे झाल्यावर मामांना गेटवर बसवलं, त्यांच्याच फोटोखाली. पहिल्याच सकाळी शपथेला सगळ्यांचे उजवे हात पुढे झाले. मामांचा खिशातच राहिला. माइक बाजूला धरून साहेब फार प्रेमाने म्हणाले,

“मामा, तुमचा डावा चालेल.”