झाडलेली वाट

नव्या माणसाचं तोंड तो नंतर बघायचा, आधी पाय. "पाय दावा," म्हणायचा. पाहुणे हसत बूट पुढं करायचे. हा वाकून, बैलाचा खूर बघावा तसा, तळवा उलटा करून निरखायचा. "झालं. आता तुमी माज्या ध्यानात हाव."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नाव विसरतील, खूण विसरायची नाहीत.

कपिलधारच्या मागं दोन-तीन डोंगर टाकले की एक खोल दरी लागते. शनिवार-रविवारी पुण्याचे, संभाजीनगरचे लोक तिथं वर तंबूत राहायला आणि दरी उतरायला येतात. फोन लागत नाही म्हणून हौसेनं येतात, याचं मला अजून नवल वाटतं. मी तिथं चुलीवर होतो, तो वाटेवर, वाटाड्या. माझी चौथी झालेली, त्याची तीही नाही. तरी हुकूम त्याचाच चालायचा. ते मला डाचायचं.

दरीत उतरायला एकच खिंड. सगळे खाली गेले की तो तरवडाच्या डहाळीनं खिंडीतली माती झाडून सपाट करायचा आणि सगळ्यांच्या मागून उतरायचा. परतताना पण शेवटीच. वर आला की आधी ठसे वाचायचा. "ह्ये जाडे साहेब. ह्या चष्म्याच्या ताई. ह्ये बेणं लंगडत आलंय, फोड आला आसंल." सगळे पाय जमेस लागल्यावरच भाकरीला हात लावायचा.

एकानं विचारलं, "काका, नुसती हजेरी का घेत नाही?"

"हाजरीला दोस्त बी 'हाय' म्हणतो, साहेब. पाय दुसऱ्याचा उमटत न्हाई."

येताना कधी सीताफळ आणायचा, डोळे उघडलेलं, पिकायला आलेलं. माझ्या चुलीपाशी ठेवायचा आणि निघून जायचा. हेही सांगितलं पाहिजे.

त्या रविवारी मी म्हणालो, "आज मी झाडतो."

तो पाहुण्यांदेखत म्हणाला, "तू पिठलं हाटत बस बे. ह्ये तुला जमायचं न्हाई."

पाहुणे हसले. मला लई लागलं.

दुपारी ते वर यायच्या आधी मी खिंडीत गेलो. वर आलेला एकच ठसा होता. बारका, तळव्याला फुलांची नक्षी. कुण्या पोरीचा. मी तो नीट पाहिला आणि त्याच्यावरून डहाळी फिरवली. तो झाडायचा त्याहून सपाट माती झाडली.

मग एकेक जण वर आला. शेवटी तो आला, वाकला, आणि तसाच राहिला.

"फुलाचा बूट न्हाई आला."

त्या पोरीची मैत्रीण म्हणाली, "ती पुढं निघाली होती."

"वर आली न्हाई." माती त्याला तसंच सांगत होती. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "इथं कुणी हात लावलाय का?"

"मला काय ठावं," मी म्हणालो. मनात म्हणालो, फिरू दे दोन तास. मस्ती जिरंल.

तो पाणीही न पिता उतरला.

गाड्या टेकाडापल्याड उभ्या होत्या. डोकं दुखतं म्हणून पोरगी मागच्या सीटवर झोपली होती. ती डोळे चोळत आली तेव्हा मी खिंडीकडं पळालो. हाका मारल्या. खालून त्याची हाक वर येत होती, "ताई, ओ ताई!" माझी हाक वाऱ्यानं खाली जात नव्हती. मग त्याची हाक थांबली.

दिवस मावळायच्या आत तो कड्याखाली सापडला. पाहुणे पुण्याला निघून गेले.

तेराव्यानंतर त्याची बायको माझ्याकडं आली. "ती पोरगी घावली का त्यास्नी?"

खरं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं. तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. म्हणालो, "घावली. तिला वर लावून दिलं, मंग पाय सुटला."

ती कितीतरी वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "कुठं घावली? जागा दावा, भाऊजी."

मी तिला घेऊन खाली उतरलो आणि एक कपार दाखवली. त्या कपारीत कधीच कुणी नव्हतं. तिनं दगडाला शेंदूर लावला.

आता नवे वाटाडे तिथं थांबून पाहुण्यांना सांगतात, इथं आमच्या माणसानं पोरगी वाचवली. लोक नारळ फोडतात. खोबरं माझ्या हातावर ठेवतात.

त्याची बायको दर वर्षी येते. कपारीत वारा फार. ती दिवा लावते आणि म्हणते, "भाऊजी, जरा हात धरा आडवा."

मी धरतो.