नवरा माझाच असल्याचे पुरावे

व्हिसाच्या फाईलची एक गंमत आहे. आपण तिच्यात कागद घालत जातो आणि ती आपल्याला किस्से देत जाते. कागद नेहमी एखादा कमी पडतो, किस्से कधीच पडत नाहीत. आमच्या गुरुवारच्या भजन मंडळात आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की कोणीतरी विचारतंच, "मृदुला, फाईलचं काय नवीन?" मग मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. घरी येऊन देवापुढे बसून राहते, ते मात्र कुणाला दिसत नाही.

आधी थोडक्यात सांगते. हे, म्हणजे माझे यजमान, सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेले. एका कारखान्यात वेल्डर आहेत. आधी कामाच्या परवान्यावर होते, मग तिथले कायमचे रहिवासी झाले. आता बायको आणि मुलगी म्हणून त्यांनी आम्हाला बोलवायचं, त्याला स्पॉन्सर करणं म्हणतात. अट एकच. लग्न खरं आहे, व्हिसासाठी जमवलेलं नाही, हे तिकडच्या साहेबांना पटलं पाहिजे. नाही पटलं तर फाईल बंद, आणि मग पुन्हा पहिल्यापासून किती वर्षं, ते कोणी सांगत नाही.

आमची इरा अकरा वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी बाबा पंधरा दिवस आले होते, समजत्या वयात तेवढेच समोर पाहिलेले. एरवी बाप तिला छातीपर्यंतच माहीत आहे. फोनच्या पडद्यावर तेवढाच मावतो. परवा तिनं विचारलं, "आई, बाबा उभे राहिले की केवढे असतात?"

*

इथे बडोद्यात फतेगंजला हितेशभाईंचं ऑफिस आहे, आमची फाईल तेच करतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, फोटो आणा, फक्त तुमच्या दोघांचे.

मी तीन अल्बम उपसले. बारशाच्या फोटोत मांडीवर इराला घेऊन मी, आणि हे मागे पंगतीत वाढताना अर्धे. गौरींच्या फोटोत हे आहेत, मी स्वयंपाकघरात. लग्नाच्या निम्म्या फोटोंत आमच्या मधे अंतरपाट आणि उरलेल्या निम्म्यांत माझ्या मावश्या. दोघं शेजारी उभे आहोत, मधे कोणी नाही, असा एक फोटो निघेना. तेरा वर्षांत ते कधी सुचलंच नव्हतं.

शेवटी चार वर्षांपूर्वीचे फोटो नेले. हे तेव्हा आले होते ते सासरे गेले म्हणून. त्यात आम्ही शेजारी उभे होतो खरे, पण यांचं मुंडण झालेलं, मिशाही नाहीत, दोघांचे डोळे सुजलेले. हितेशभाईंनी तो फोटो पाहिला. मग पासपोर्टावरचे दाट केस पाहिले. मग पुन्हा फोटो. आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"बेन, आ बन्ने एक ज भाई छे ने?"

*

चार दिवसांनी त्यांना बायकाही दोन सापडल्या.

शाळेच्या दाखल्यावर मी सुरेखा. लग्नपत्रिकेवर सुरेखा. लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं मृदुला लिहिलं, आणि तेव्हापासून आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, सगळीकडे मृदुला. म्हणजे कागदांप्रमाणे लग्न झालं सुरेखाशी आणि कॅनडाला निघाली मृदुला.

"आ सुरेखानुं शुं करवानुं?" हितेशभाई म्हणाले. "एने पण साथे लई जवानी छे?"

तिलाही बरोबर न्यायचं का, हे ते थट्टेत म्हणाले. मी मात्र दुसऱ्याच दिवशी, दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र करून घ्यायला नोटरीकडे गेले. दोन्ही सह्या करायच्या होत्या. सुरेखाची सही इतक्या वर्षांनी पहिल्याच फटक्यात झाली. मृदुलाची तीनदा चुकली.

*

मग आमचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं छापून द्यायचं होतं. लोक म्हणे एकमेकांना बदाम पाठवतात, गाणी पाठवतात. आमची पानं अशी निघाली: "जेवलात का?" "हो." "काय?" "वरण-भात." दुसऱ्या दिवशी, "जेवलात का?" "हो." "काय?" "कालचंच." मधे एखादा गणपती, उद्या एकादशी असल्याची आठवण, इराची गुणपत्रिका. अशी दोन बोटं जाड चळत झाली.

हितेशभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, यात मी प्रेम कुठलं दाखवू?

माझ्याबरोबर सासूबाई आल्या होत्या. त्या एरवी परक्या पुरुषासमोर फारसं बोलत नाहीत. त्यांनी ती चळत त्यांच्याकडे सरकवली.

"एक दिवस विचारायचा राहिलेला सापडला, तर मला दाखवा."

*

श्रावणात सत्यनारायण घातला. पूजेला जोडीनं बसायचं आणि निम्मी जोडी कॅनडात! गुरुजींनी तोड काढली, व्हिडिओ कॉल लावा. यांच्या पाटावर तांब्याला टेकवून मोबाईल ठेवला. इथे संध्याकाळ, तिकडे सकाळ. हे अंघोळ करून, खांद्यावर उपरणं घेऊन बसले होते. कथा अर्ध्यावर आली आणि नेटवर्क गेलं, हे जागच्या जागी थिजले. पाट ओका दिसू नये म्हणून मी भक्तीनं मोबाईलला गंध लावलं आणि हार घातला. इरानं फोटो काढला. इतका छान आला की मी तो पुराव्यांत घालायला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हितेशभाईंचा फोन. आवाज उतरलेला. म्हणाले, मृदुलाबेन, फोटोला हार पाहिला... केव्हा झालं हे?

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याच हातानं आपण हे काय केलं! त्यांचा फोन तसाच तोडून यांना लावला. उचलेनात. पुन्हा लावला. मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारून झाल्या. तिसऱ्या वेळी उचलला. कामावर होते, मागे यंत्रांचा गडगडाट.

"काय झालं गं?" हे ओरडून म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवलात का?"

*

मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो. अंगावर धातू चालत नाही, म्हणजे मंगळसूत्र काढायचं. आमच्यात ते ओवून घ्यायचं असलं तरी आधी दुसरं बांधतात, मग पहिलं सोडतात. आणि इथे नवरा सातासमुद्रापार, तर मी गळा मोकळा करू? म्हणून मी घरूनच दोऱ्यात हळकुंड बांधून नेलं होतं. ते आधी गळ्यात घातलं, मग मंगळसूत्र सोडून इराच्या मुठीत दिलं.

एक्स-रे काढणाऱ्या काकांनी विचारलं, हे काय? म्हटलं, हळकुंड आहे, धातू नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

"बेन, फोटामां गांठ देखाशे, तो डॉक्टरने हुं शुं कहीश?"

डॉक्टरांना काय सांगू म्हणे! हळकुंड दंडावर गेलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत.

*

आणि मग मुलाखतीचं पत्र आलं. दोघांना वेगवेगळं विचारणार आणि उत्तरं जुळली पाहिजेत. घरात महिनाभर तालीम चालली होती. भाजी निवडता निवडता सासूबाई मला विचारायच्या, चहात साखर किती घेतो, कुठल्या कुशीवर झोपतो. त्या मुलाची आई, पण नापास मी होत होते.

यांची मुलाखत आदल्या दिवशी झाली. काय विचारलं ते बायकोला सांगू नका, अशी त्यांना सूचना होती आणि हे नियमाचे पक्के. एक अक्षर बोलले नाहीत.

माझ्या वेळी फोनवर अधिकारी बाई होत्या आणि मधे मराठी करून सांगणारे दुभाषे. पहिली दहा-बारा उत्तरं बरी गेली. मग त्यांनी विचारलं, तुमचं दोघांचं शेवटचं भांडण कधी झालं?

मी लगेच म्हटलं, आमच्यात भांडण होतच नाही. परक्या माणसाला घरातलं कोणी सांगतं का?

 मग दुभाष्यांनी सांगितलं की तुमच्या यजमानांनी वेगळं सांगितलेलं आहे, नीट आठवून बोला.

 सात वर्षांचं सगळं माझ्या एका वाक्यानं बुडणार होतं. दारात इरा उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि काय ते सांगून टाकलं.

व्हिसा येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा मी देवीला नवस बोलले होते. यांना सांगितलं नव्हतं. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन, लहरीपुऱ्याच्या रस्त्यावर पाय पोळले, फोड आले. इरानं पायांचा फोटो काढून बाबांना पाठवला. हे माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "देवीला सांगायच्या आधी मला विचारायचंस. ते पाय माझेही आहेत." मी म्हटलं, "इथे असतात तर विचारलं असतं." आणि फोन ठेवून दिला.

दुभाषे एकेक वाक्य तिकडे सांगत होते. टाईप केल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि बाईंनी आणखी एकच विचारलं.

"माफी कोणी मागितली?"

खोटं बोलले तर जुळणार नाही, खरं बोलले तर संसार धड नाही असं दिसणार. मी डोळे मिटले.

"अजून कोणीच नाही," मी म्हटलं.

निकाल कळवू, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी यांचा फोन आला. "माफीचं विचारलं का तुला?"

"हो."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं.   मग हे म्हणाले,

"मीही तेच सांगितलंय. आता निकाल लागेपर्यंत माफी मागू नकोस हं. मीही मागत नाही."