आलीच आहेस तर पेपर देऊन जा

आमच्या गावच्या जेलमध्ये स्वयंसेवकांसाठी जे नियम आहेत, त्यांतले निदान दोन एकट्या काकूंमुळे झाले आहेत, आणि गंमत म्हणजे काकूंइतकी नियम पाळणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. रिकाम्या चौकातसुद्धा त्या लाल दिव्यापाशी गाडी थांबवून हिरव्याची वाट बघतात, आणि तो लागला की त्याला मान डोलावून मगच पुढे जातात. ग्रंथालयाचं पुस्तक मुदतीच्या चार दिवस आधी परत करतात. अशा बाईसाठी सरकारी खात्याला नवे नियम करावे लागले, याचं कारण एवढंच की काकू काय करतील हे जुने नियम लिहिणाऱ्याला सुचलेलं नव्हतं.

काकू माझ्या आईच्या मैत्रिणीच्या मोठ्या वहिनी. म्हणजे खरं तर माझ्या कोणीच नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या या युनिव्हर्सिटीच्या गावात त्या पस्तीस वर्षं राहिल्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या. काका गेल्यावर त्यांनी दोन नव्या गोष्टी सुरू केल्या. वरची खोली मला भाड्याने दिली आणि काउंटी जेलमध्ये बायकांना गणित शिकवायला लागल्या. हा मोठ्या शिक्षा झालेल्यांचा तुरुंग नव्हे. कुणाची तारीख लागायची असते, कुणाला तीन-चार महिने काढायचे असतात, असं येण्याजाण्याचं ठिकाण. तिथे हायस्कूल अर्धवट सोडलेल्यांना त्याच्या बरोबरीच्या मानलेल्या परीक्षेसाठी शिकवतात. काकूंना हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते, म्हणून मंगळवार-गुरुवार त्यांना सोडायला मी जायची. पहिले दोन आठवडे मी बाहेर गाडीत बसून वाचत होते. तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "अगं, गाडीत बसून काय करतेस? फॉर्म भर आणि आत ये." मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलायचं कुठे आहे? पेन्सिली मोजायच्या आहेत." आणि खरोखरच माझं काम तेवढंच होतं. बोटभर लांबीच्या, खोडरबर नसलेल्या बारा पेन्सिली वाटायच्या, आणि तास संपला की बारा परत घ्यायच्या.

कैद्यांना आल्या आल्या एक हँडबुक मिळतं. ते सगळं वाचलेली त्या इमारतीतली एकमेव व्यक्ती म्हणजे काकू. केस कापायला कधी नेतात, ग्रंथालयाची गाडी कुठल्या दिवशी फिरते, दात दुखला तर कोणता फॉर्म भरायचा, व्हिडिओवरून घरच्यांची भेट किती मिनिटांची, हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा पक्कं ठाऊक. "पान सतरा बघ," त्या एखाद्या अडलेल्या बाईला सांगायच्या, आणि पान सतरावर ते असायचंच. तिथल्या रिक्वेस्ट स्लिपच्या तर त्या प्रेमातच पडल्या. जेलमध्ये जादा ब्लँकेटपासून पाद्रीच्या भेटीपर्यंत सगळं एका चिठ्ठीवर लिहून मागावं लागतं आणि उत्तर तीन दिवसांत येतं. काकूंनी ही पद्धत घरी आणली. फ्रिजवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा लटकवला. जानेवारीत मी हीटर दोन डिग्री वाढवावा अशी चिठ्ठी लिहिली, तर तिसऱ्या दिवशी तिच्यावर हिरव्या शाईत उत्तर आलं, "मोजे घाल."

त्यांच्यामुळे झालेला पहिला नियम साडीच्या पिनांचा. शिकवायला जायचं म्हणजे साडी, यावर काकू ठाम होत्या. दारातल्या यंत्राने पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला. तिथल्या अधिकारी बाईने शोधाशोध करून अकरा पिना मोजल्या, वहीत लिहिल्या आणि सांगितलं, "अकरा आत, अकरा बाहेर." पाच आठवडे हिशोब बरोबर जुळला. सहाव्या आठवड्यात बाहेर पडताना दहाच भरल्या. झालं! दारं बंद, सगळ्या बायका आपापल्या बराकीत, गाद्या उलट्या. पाऊण तासाने अकरावी पिन सापडली. ती काकूंच्या गळ्यातल्या साखळीत होती. फळ्यावर लिहिताना खांद्यावरची पिन निघाली, ती हरवू नये म्हणून त्यांनी नेहमीच्या सवयीने तिथे अडकवून ठेवली होती. "हरवली कुठे? नीट ठेवली होती!" त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात फलक लागला: ज्या कपड्यांना पिना लागतात असे कपडे स्वयंसेवकांनी घालू नयेत. तेव्हापासून काकू पंजाबी ड्रेस घालतात आणि त्या फलकासमोरून जाताना त्याच्याकडे बघत नाहीत.

दुसरा नियम पाढ्यांचा. काकूंचं म्हणणं, इंग्रजीत पाढे म्हणताच येत नाहीत. "टू फोर्स आर एट! हे काय वाक्य झालं? याला चाल कुठे आहे?" म्हणून त्यांनी वर्गाला सरळ मराठीतून शिकवले. नारिंगी कपड्यातल्या दहा-बारा बायका टेबलावर हात आपटत एका सुरात "बे एके बे, बे दुणे चार" म्हणताहेत, हे दृश्य मी पाहिलं आहे आणि ते मला फार आवडायचं. नव्याने ड्यूटीवर आलेल्या अधिकाऱ्याला मात्र ते आवडलं नाही. त्याला वाटलं, ही कुठल्यातरी टोळीची सांकेतिक भाषा आहे, आणि "बे दाहे वीस"पर्यंत पोचायच्या आत त्याने धोक्याची घंटा दाबली. चार जण धावत आले. काकूंनी त्यांनाही बसायला सांगितलं. वर्गात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरायची तर आधी लेखी परवानगी घ्यावी, हा नियम त्यानंतरचा. काकूंनी परवानगी मागितली, मिळवली, आणि चौकट करून वर्गात लावायचीही परवानगी मागितली. ती मिळाली नाही, कारण चौकटीला काच असते.

या वर्गात क्रिस्टल होती. पंचविशीतली, लायसन्स रद्द झालेलं असताना तिसऱ्यांदा गाडी चालवली म्हणून आत आलेली. बाहेर तिची सात वर्षांची मुलगी आजीपाशी. परीक्षेचे बाकीचे विषय क्रिस्टलने आतच पास केले होते, फक्त गणित राहिलं होतं. ते झालं की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं की हॉस्पिटलमध्ये पेशंटची देखभाल करायच्या कोर्सला प्रवेश. अपूर्णांक दिसला की ती पेन्सिल खाली ठेवायची. "मिस काकू, आय कान्ट." काकू म्हणायच्या, "कान्ट नंतर. आधी खालचे आकडे सारखे कर." तीन महिन्यांत तिचा खालचा आकडा सारखा व्हायला लागला. एकदा ती मला, पेन्सिल परत देता देता, हळूच म्हणाली होती की पेपर काय तो इथेच होईल. बाहेर गेल्यावर मी तो देणार नाही, मला मी माहीत आहे. मी हे काकूंना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं नंतर पुष्कळदा वाटलं.

गणिताचा पेपर एका गुरुवारी जेलमध्येच होणार होता. त्याच्या आदल्या मंगळवारी आम्ही उजळणी करत असताना दार उघडलं आणि अधिकारी बाई म्हणाल्या, "क्रिस्टल, पॅक अप. यू आर गोइंग होम." जजने तिची उरलेली शिक्षा माफ केली होती. वर्गात टाळ्या झाल्या. कुणी शिट्टी मारली. क्रिस्टल दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी राहिली. आणि या सगळ्या आनंदात काकूंचा चेहरा मात्र पाहुणा अर्ध्या ताटावरून उठल्यासारखा झाला.

"आज?" त्या म्हणाल्या. "अगं, पण गुरुवारी पेपर आहे!" मग त्या इंग्रजीकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. घरी आलेल्या माणसाला त्या आणखी एक पोळी वाढतात, तेव्हाचा तो आवाज. "क्रिस्टल, बाळ, स्टे टू मोअर डेज ना. व्हॉट इज द हरी?"

अधिकारी बाई म्हणाल्या, "मॅम, धिस इज अ जेल."

"आय नो," काकू म्हणाल्या. "बट शी हॅज ऑलरेडी कम, नो?"

आलीच आहेस तर पेपर देऊन जा, हे वाक्य मला मराठीत ऐकू आलं. माझ्या सगळ्या मावश्या, आत्या असंच बोलतात. आलीच आहेस तर जेवून जा, आलाच आहात तर अंघोळ करून जा. पण हे वर्गात दुसऱ्या कुणाला ऐकू येणार? आधी एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या. क्रिस्टल तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मिस काकू, माय बेबी इज वेटिंग." आणि गेली. त्या दिवशी मी पेन्सिली दोनदा मोजल्या.

परत येताना काकूंनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाल्या, "लेक वाट बघतेय, आणि मी तिला म्हणते, थांब. काय बाई आहे मी!" मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी वायपर लावले. पाऊस नव्हता.

बुधवारी सकाळी ईमेल आलं. लिहिणाऱ्याची बिचाऱ्याची पंचाईत झालेली दिसत होती. कैद्याला पळून जायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी कलम होतं; राहण्याचा आग्रह करणाऱ्यांसाठी नव्हतं. शेवटी त्याने "कैद्यास आपली कैद लांबवण्यास प्रवृत्त करणे" असं काहीतरी तयार केलं होतं. चौकशी होईपर्यंत काकूंचा वर्ग बंद, माझ्या पेन्सिलीही बंद, आणि सुटलेल्या कैद्याशी बोलणं, फोन, पत्र, निरोप यांतलं काहीही आम्हा दोघींना मना.

काकूंनी हँडबुक काढलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसल्या. दुपारी त्यांनी हाक मारून मला वरच्या खोलीतून खाली बोलावलं. पान एकतीस: परीक्षेला नाव नोंदवलेली व्यक्ती परीक्षेआधी सुटली, तर तिला दर्शनी भागातल्या भेटीच्या खोलीत, कुलूपबंद दाराच्या अलीकडे बसून पेपर देता येईल. "पण हे तिला सांगणार कोण?" काकू म्हणाल्या. "तिने पान एकतीस वाचलेलं नाही. मी विचारलं होतं." त्या क्रिस्टलला फोन करू शकत नव्हत्या आणि केलाही नसता. त्यांनी शिक्षणाचा विभाग बघणाऱ्या बाईंना रीतसर कळवलं की कृपया पान एकतीस संबंधित व्यक्तीच्या नजरेस आणावं. संध्याकाळी उत्तर आलं, एका शब्दाचं: "मिळालं."

"मिळालं म्हणजे काय?" काकू मला विचारत राहिल्या. "सांगितलं, की सांगणार, की नुसतंच मिळालं?"

गुरुवारी सकाळी साडेआठला आम्ही जेलच्या पार्किंगमध्ये होतो, काकू मुद्दाम मागच्या सीटवर. पार्किंगमध्ये बसायला मनाई आहे असं कुठेच लिहिलेलं नाही, हे काकूंनी तीनदा वाचून घेतलं होतं. पेपर नऊला. जेल गावाबाहेर आहे, बस दूर मोठ्या रस्त्यावर सोडते, आणि तिथून फुटपाथ नसलेल्या कडेने चालत यावं लागतं. नऊला दहा मिनिटं असताना त्या कडेने दोन माणसं येताना दिसली. एक मोठं, एक लहान, लहानाच्या अंगात गुलाबी जॅकेट.

"ती आहे," मी म्हणाले.

काकूंनी क्षणात मागच्या सीटवर अंग टाकलं आणि माझा कोट डोक्यावरून ओढून घेतला. "मला बघितलं तर संपर्क होईल," कोट म्हणाला. "तू सांग. आत गेली का?"

"मुलीचा हात धरून चालतेय."

"ते नको सांगूस. आत गेली का?"

"गेली."

कोट थोडा वेळ हलत होता. मी मागे वळून बघितलं नाही.

दोन तास काकू तशाच आडव्या राहिल्या. उठा म्हटलं तर म्हणाल्या, काचेतून त्या पोरीला दिसेल. मुलगी खरंच काचेपाशी बाकावर बसून काहीतरी रंगवत होती. साधारण अकराला दोघी बाहेर आल्या. क्रिस्टल पायरीवर थांबली आणि पार्किंगकडे बघायला लागली, एकेक ओळ, सावकाश. ती माझी गाडी ओळखत नव्हती. आता ती जाणार, असं वाटलं, आणि मी हॉर्न वाजवला. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही. मी तर गाडी घेतल्यापासून एकदाही वाजवला नव्हता. अर्धा सेकंदच, पण मला घाम फुटला.

"काय केलंस गं?" कोट म्हणाला.

"हात लागला."

क्रिस्टलने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या काचेकडे. तिने हात केला नाही. संपर्काचा नियम तिलाही सांगितलेला असणार. ती खाली वाकली आणि मुलीच्या कानात काहीतरी बोलली. आणि ती मुलगी दोन्ही हात डोक्यावर नेऊन आमच्याकडे बघून जोरजोरात हलवायला लागली.

"काकू, तिची मुलगी हात करतेय."

"कोणाला?"

"तुम्हाला."

कोट जागच्या जागी वळला. मग, "त्या पोरीचं नाव ईमेलमध्ये आहे का गं?"

"नाही."

कोटाखालून काकूंचा हात निघाला, काचेपर्यंत वर गेला, आणि हलत राहिला. मुलगी हसायला लागली. त्या हाताच्या मालकिणीला यातलं काहीही दिसत नव्हतं.

पेपर कसा गेला ते आम्हाला आजही माहीत नाही. निकाल गोपनीय असतो आणि काकूंनी तो कुणाला विचारलेला नाही. त्या दिवशी घरी येताना त्यांनी फक्त एकच प्रश्न केला. "जाताना कशी चालत होती गं? सावकाश, की घाईत?"

"सावकाश," मी म्हणाले.

"मग चांगला गेला असणार," काकू म्हणाल्या, आणि डोळे मिटून मागे टेकल्या. पेपर वाईट गेलेलं माणूस कधी सावकाश चालत नाही, असं त्यांचं मत आहे. मी रस्त्याकडे बघत राहिले. त्या दोघी हात धरून, बस चुकू नये म्हणून, धावत सुटल्या होत्या.