मुक्ताबाईचं न्हाणं

दिंद्रुडच्या मुक्ताबाईचे केस गुडघ्यापर्यंत होते, आणि त्या केसांनी तिला सुख असं कधी दिलं नाही. बाया म्हणायच्या, नशीब काढलंय बयेनं. मुक्ताबाई म्हणायची, "वझं हाय मानंवर. कुनाला पायजे तर घ्या."

कारण केस धुवायचे कधी, हे तिच्या हातात नव्हतं, सासूच्या, तुळजाबाईंच्या हातात होतं. सोमवार महादेवाचा, म्हणून नाही. मंगळवारी देवीचा उपास. बुधवारी न्हालं की भावाला बाधतं, आणि मुक्ताबाईला सख्खा एकच भाऊ, बद्रीनाथ. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेलं. गुरुवार दत्ताचा. शनिवार सवाष्णीला वर्ज्य. रविवार का नाही, ते तुळजाबाईंनाही सांगता येत नसे, पण नाही म्हणजे नाही. राहिला शुक्रवार.

एका साली पावसानं तोंड फिरवलं आणि शुक्रवारही गेला. गावच्या बारवेत तळाला हातभर पाणी. घराला दिवसाकाठी दोन घागरी, मग घरात माणसं सात असोत की सतरा. बारव खोल करायची अर्जी तहसिलीत गेली होती. जबाब सरकारी उर्दूत आला, तो वाचून घेण्यात महिना गेला, आणि त्यात निघालं काय, तर अर्जी पोचली.

मुक्ताबाईनं आपली तोड काढली. ज्वारीचा कोंडा तव्यावर कोरडा भाजायचा, त्यात शिकेकाईची चिमूटभर पूड घालायची, केसांच्या मुळाशी चोळायचा आणि डोक्याला फडकं बांधून कामाला लागायचं. घटकाभरानं उन्हात बसून फणीनं झाडून काढायचा. तेल, घाम, धूळ, सगळं खाली. तीन आठवडे तिनं केस असेच राखले.

तुळजाबाई ओट्यावरून बघायच्या. "म्हशीचं आंबोण डोक्याला! आन् म्हशीनं काय खावं, तुजी येणी?"

"म्हैस तर चाऱ्यापायी कवाच वन्संकडं धाडली, आत्याबाई."

तोवर निभलं. मग बद्रीनाथचं लग्न ठरलं, सिरसाळ्याला. शनिवारी हळद, सोमवारी लग्न. करवली एकटी मुक्ताबाईच. आणि हळदीच्या आधीच्या मंगळवारी तिला कावळा शिवला.

चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय बाईनं घरात यायचं नाही, ही रीत. चौथा दिवस आला शुक्रवारी. सकाळीच तिचा चुलतभाऊ शहादेव गाडी जुंपून न्यायला दारात उभा. मुक्ताबाईनं गोठ्यातल्या तिच्या कोपऱ्यात तांब्याभर पाण्यानं अंग पुसलं होतं, जावेनं लांबून टाकलेल्या कोंड्यानं केस झाडले होते.

"केस साफ हायती, आत्याबाई. हुंगून बघा."

"साफ हायती, शुद्ध कुटं हायती? डोक्यावरनं पानी न्हाई गेलं, तर हळदीला हात कसा लावशील?"

"मग द्या पानी."

"दोन घागरी तुज्या डोक्यावर वतल्या, तर मानसांनी काय प्यावं?"

"मग कापते केस."

"सवाष्ण हायेस! वंगाळ बोलू नगंस!"

म्हणजे धुवायचे नाहीत, कापायचे नाहीत, आणि न धुता जायचंही नाही. मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. गहिनीनाथ दारात होता. "आई म्हनती त्ये बी..." एवढं बोलून तो बैल बघायला गेला. बैल तर गाडीला जुंपलेले, आणि ते त्याचे नव्हतेच.

"अक्का," शहादेव म्हणाला, "ऊन चढतंय. बद्रीनं सांगितलंय, अक्का आल्याबिगर हळद लावून घेनार न्हाई."

मुक्ताबाईचे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांना उघड्या दारातून देवघर दिसलं. तिथं लाखेनं तोंड बंद केलेला तांब्याचा गडू होता. सासऱ्यांनी काशीहून आणलेली गंगा.

"आत्याबाई, मरताना तोंडात गंगेचे चार थेंब पडले तर जल्माचं पाप जातं म्हनता. मग माजं चार दिसांचं जाईना व्हय?"

तुळजाबाईंचा आवाज उतरला. "ती माज्यासाठी ठिवलीया. माज्या येळंला."

"तुमच्यापुरती उरंल. मी घागर मागत न्हाई. चार थेंब मागते."

म्हातारी ओट्यावरून उठली. मग तिनं गडू आणला, विळ्यानं लाख खरवडली आणि थेंब टाकण्याआधी गडू कानाशी हलवून पाहिला. पाणी होतं. चार मोजता मोजता मुक्ताबाईच्या डोक्यावर पाचवा थेंब पडला. "पडला तर पडला," ती म्हणाली. "ऊठ. पोराला हळद लाव."

मुक्ताबाई पाया पडली. मनापासून पडली. पण गाडी गावाबाहेर पडली तरी तिचं कपाळ तापलेलंच.

"चार थेंब," ती म्हणाली. "चार थेंबांनी भागत होतं, आन् मी सकाळधरनं गयावया करायले!"

"आता कावून चिडता अक्का? निगालो न्हवं?"

"त्याचाच राग हाय. तू हाक गाडी. कुटं थांबलास तर मी उतरून पायी जाईन."