चार बोटं उघडी कात्री

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात जेवढे अर्ज लिहिले, जवळपास तेवढेच नामंजूर केले. आणि मौज अशी, की लिहिलेले आणि नामंजूर केलेले अर्ज एकच असत. ते औरंगाबादच्या नगरपालिकेत दुकानांच्या परवान्यांचे आणि पाट्यांचे निरीक्षक होते. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती. कचेरीतले कागद उर्दूतून मराठीत येत होते, नियम बदलत होते, आणि गुलमंडीपासून पैठण गेटापर्यंतच्या निम्म्या दुकानदारांना आपण नक्की कुणाच्या परवानगीनं दुकान उघडतो, हेच समजेनासं झालं होतं. असा गांगरलेला माणूस दिसला की मामांचा जीव कळवळे. संध्याकाळी हॉटेलात स्वतःच्या खर्चानं चहा मागवून ते त्याच्यासाठी अर्ज लिहायला बसत. मोत्यासारखं अक्षर, आणि सुरुवात ‘मेहेरबान साहेबांच्या सेवेशी’ अशी. हे मेहेरबान साहेब म्हणजे ते स्वतःच. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज कचेरीत टेबलावर आला की ते चष्मा पुसत, जन्मात प्रथमच पाहतो आहोत अशा चेहऱ्यानं तो वाचत, आणि लाल शाईनं शेरा मारत : ‘अर्ज अपूर्ण. नामंजूर.’ संध्याकाळी पुन्हा हॉटेल. “लई कडक माणूस हाय तो,” ते स्वतःबद्दल त्या दुकानदाराला सांगत. “पण घाबरू नका. आपण दुसरा लिहू.”

लग्नानंतर मी नोकरीसाठी गंगापूरहून शहरात आलो आणि घर मिळेपर्यंत मामांच्या मागच्या खोलीत राहिलो. हे ‘मिळेपर्यंत’ दोन वर्षं चाललं, त्यामुळे माझी माहिती अगदी घरची आहे. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात कापडी टेप असे आणि तो रविवारीही तिथंच असे. कुणाच्या घरी मुंजीला गेले तरी अक्षता टाकण्याआधी मांडव रस्त्यावर किती आलाय, हे ते मोजून घेत. मामी एकदा रुसून पिशोरला माहेरी गेल्या, तेव्हा मामांनी त्यांना पत्र पाठवलं ते ‘विषय : परत येण्याबाबत’ असं वर लिहून, खाली तीन कारणं क्रमवार देऊन. मामीही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी त्याच कागदावर ‘अर्ज अपूर्ण’ असा शेरा मारून तो परत पाठवला. मामा भलतेच खूश झाले. पुढच्या एस.टी.नं ते स्वतः पिशोरला गेले आणि बायकोला घेऊन आले.

अशा माणसाची एकदा फार पंचाईत झाली. पैठण गेटाजवळ त्यांच्या शाळासोबत्याचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांना सगळे मास्टर म्हणत. दोघं निजामाच्या काळात एकाच बाकावर बसून उर्दू शिकले होते आणि रोजचा दुपारचा चहा बरोबर घेत होते. मास्टरच्या दुकानाला पाटी नव्हती. पाटीच्या जागी त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेली सागवानी कात्री होती, पुरुषभर उंच, फाकलेली, एक पातं थेट रस्त्यावर आलेलं. पैठणकडचे, पिशोरकडचे शेतकरी लग्नाच्या कोटाचं कापड काखोटीला मारून येत, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसे. ते कात्री पाहून येत. मास्टरचं सगळं गिऱ्हाईक त्या कात्रीवर होतं.

शेजारच्या बांगडीवाल्या आप्पांचं म्हणणं, या कात्रीमुळे त्यांची पाटी दिसत नाही. तक्रार कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते कुणाकडे गेले, हे सांगायला नकोच. मामांनी सवयीनं चहा मागवला आणि सवयीनंच लिहून दिलं. लिहिताना ही कात्री कुणाची, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. नियम होता की पाटी भिंतीपासून दोन फुटांहून जास्त पुढं येऊ नये. मामांनी तो असा काही मांडला की सकाळी कचेरीत वाचताना ते स्वतःच डोलले. मग ‘सबब सदर कात्री उतरविण्यात यावी’ हे शेवटचं वाक्य आलं, ती कात्री मास्टरची हे ध्यानात आलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. अर्ज बिनतोड होता. त्यात एकही खोट सापडेना. मास्टरला नोटीस काढावी लागली : पंधरा दिवसांत कात्री उतरवा.

त्याच संध्याकाळी मास्टर नोटीस घेऊन हॉटेलात आले. “अजी, ये क्या लिख के भेजे?” मामा म्हणाले, “मी नाही, त्या नगरपालिकेच्या माणसानं. बसा, आपण जवाब लिहू.” जवाबही असा उतरला, की सकाळी तो वाचून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता टेबलावर एकाच अक्षरातले दोन बिनतोड कागद होते आणि मध्ये लाल शाईची दौत. मामांनी आठ दिवस जेवण टाकल्यासारखं केलं. मामी म्हणाल्या, “एक कागद फाडून टाका की!” त्यावर मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मुकाट्यानं पुढची भाकरी वाढली.

शेवटी एका रविवारी ते मला घेऊन दुकानासमोर उभे राहिले. आत मास्टर कापड बेतत होते. त्यांच्या हातातली कात्री उघडायची, मिटायची. मामांची मान तिच्याबरोबर हलत होती. एकदम ते ओरडले, “मास्टर, ही वरची मिटते का हो?”

मास्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “नक्को साब. अब्बा बोलते थे, दुकान की कैंची खुली रहना. घर का आदमी गया, तोच एक दिन बंद करना. अब्बा गये तब मैं चढा था बंद करने कू. कीला जंग खाएला. हिली नई.” हे सांगताना त्यांनी मान खाली घातली.

मामांनी कोट काढून माझ्या हातात दिला, ही घटना मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. शिडीवर चढून ते दुपारभर त्या खिळ्यात शिवणयंत्राचं तेल सोडत बसले. खाली मास्टर शिडी धरून, आणि दुसऱ्या बाजूनं, मान वळवून का होईना, आप्पाही. दिवस कलताना खिळा करकरला आणि पातं हललं. मामांनी टेप लावला. कात्री चार बोटं उघडी ठेवली तर बरोबर दोन फुटांत बसत होती. आप्पांची पाटी दिसत होती आणि मास्टरची कात्री उघडी होती. संध्याकाळी नवा अर्ज लिहिला गेला. सोमवारी तो नामंजूर झाला : ‘चार बोटे कोणाची, याचा उल्लेख नाही.’ मंगळवारी ‘निरीक्षकांची’ असं लिहून तो पुन्हा आला आणि मंजूर झाला. परवान्यावर तशी नोंद आहे, मी वाचली आहे.

पुढं मामा निवृत्त झाले, पण टेप खिशातच राहिला. एके दिवशी सकाळी चहा पिता पिता ते गेले. त्यांना घेऊन आम्ही पैठण गेटावरून निघालो, तेव्हा मास्टर दुकानापुढं उभे होते. शिडी अजून भिंतीला टेकलेली होती आणि त्यांचे हात तेलानं माखले होते. वर कात्री पूर्ण मिटलेली होती. कापड घेऊन आलेला एक खेडूत विचारत होता, “मास्टर, दुकान बंद हाय व्हय?” आणि मास्टर म्हणत होते, “हौ. आज बंद.”

मामा गेले हे मला तिथं, त्या मिटलेल्या कात्रीकडं पाहून खरं वाटलं आणि मी रस्त्यातच रडलो. परवानगीवाचून फेरफार केला म्हणून मामांनी दुसऱ्या दिवशी मास्टरला नोटीस नक्की काढली असती. संध्याकाळी चहा मागवून तिचा जवाबही त्यांनीच लिहिला असता. सकाळी तो वाचताना मात्र, मला वाटतं, त्यांनी लाल शाईच्या दौतीला हात लावला नसता.