जर्सीला घातलेला हार

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, कसबा बावड्यातल्या तिच्याच बेसबॉल क्लबात. झेंडूचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. सामना हातातून निसटायला लागला की शेवटच्या डावात चेंडू टाकायला तिलाच उतरवायचे, आणि राज्य स्पर्धा तिनं अशीच जिंकून दिली होती. "सही करून दे, सत्कार करायचाय," म्हणून अध्यक्षांनी तिची जर्सी नेली. तिच्याकडं ती एकच होती. सत्काराला आम्ही गेलो तर जर्सी काचेच्या फ्रेममध्ये, वर झेंडूचा जाडजूड हार, खाली उदबत्ती. आई तिथंच ओरडली, "हार कुणाला घालताय? माझी लेक जित्ती हाय की!" सगळे हसले. बहीण म्हणाली, "सर, दुपारी निवडीची मॅच हाय, जर्सी द्या की." अध्यक्ष म्हणाले, "आता काच फोडू व्हय? एवढा मान मिळालाय, गप बस." नंबराची जर्सी नाही म्हणून पंचांनी तिला मैदानात घेतलं नाही. शेवटच्या डावात संघ हरत होता आणि ती बाहेर कुंपणाची जाळी धरून उभी होती. निवड समितीनं तिचं नाव लिहिलंच नाही. ती फ्रेम अजून भिंतीवर आहे, दर दसऱ्याला तिच्यावर नवा हार चढतो, आणि त्यासाठी कुणीतरी पाहुणा बोलावतात. यंदा तुम्हाला बोलावलं, तर हार हातात घेऊ नका. आधी ती काच काढायला लावा आणि जर्सी माझ्या बहिणीच्या हातात द्या.