बाईंचा बिंडा

१९७१ साल. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि देवळाली प्रवराच्या आसपासच्या वस्त्यांवर लोक मला वस्ताद म्हणायचे. कुस्तीतला नव्हे, पोहण्यातला. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तरांशी पटलं नाही, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्या दारात मी जात नाही. पण दर उन्हाळ्यात माझ्या विहिरीत पोरं शिकायला यायची, राहुरीहूनसुद्धा यायची, आणि माझ्या हातचं एकही पोर बुडालं नाही. हे मी छाती पुढं काढूनच लिहितो.

माझी एक पद्धत होती. पानमळ्यातला पांगारा वाळला की कापसासारखा हलका होतो. त्याचा हात-दीड हाताचा ओंडका कापायचा, पाठीला खरचटू नये म्हणून फडक्यात गुंडाळायचा, पोराच्या पाठीला बांधायचा. याला आम्ही बिंडा म्हणतो. बिंडा बांधला की बुडायची भीती नाही. पण मी रोज दुपारी, पोरं घरी गेली की, वाकस घेऊन तो बिंडा बोटभर तासायचो, परत फडक्यात गुंडाळून ठेवायचो आणि कोणाला काही सांगायचो नाही. पंधरा दिवसांनी त्या फडक्यात मुठीएवढं लाकूड उरायचं आणि पोर बेडकासारखं हिंडत असायचं. मग मी फडकं सोडून दाखवायचो. तेव्हा पोराचं तोंड बघावं! त्या तोंडासाठीच तर मी शिकवायचो.

पोरी मात्र मी घेत नव्हतो. माझी स्वतःची लेक नऊ वर्षांची. दर उन्हाळ्यात काठावर उभी राहून विचारायची, "दादा, मी?" मी म्हणायचो, "पोरींचं काम न्हाई ते." संपला विषय.

त्या वर्षी चैत्रात एक पोरगी हंडा भरताना माझ्या विहिरीच्या पायरीवरून घसरली. बरोबरच्या पोरी नुसत्या किंचाळत होत्या. शाळेतल्या बाईही तिथंच होत्या, पिण्याचं पाणी न्यायला आलेल्या. मी पाणी उपसायच्या इंजिनापाशी होतो. धावलो, तसाच कपड्यानिशी उडी टाकली, पोरीला केसाला धरून वर काढली. भडाभडा पाणी ओकली आणि पहिला शब्द काय बोलली? "हंडा कुठंय?"

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. नगरहून बदलून आलेल्या, पंचेचाळिशीच्या, एकट्याच राहायच्या. आवाज असा की पोरंच काय, सरपंचही सरळ बसायचा.

"वस्ताद, पाण्यावर रोज कोण जातं? पोरं का पोरी?"

"पोरी."

"आणि पोहायला कोण शिकतं?"

मला गप्प करणारी बाई मी तोवर एकच बघितली होती, माझी आई. ती आतून म्हणाली, "आता बोल की लेका!"

"बाई, पोरीबाळींना मी शिकवत न्हाई. लोक काय म्हनतील?"

"मग आधी मला शिकवा. मला काय म्हणायचं ते लोकांनी म्हणून घ्यावं."

मी नाहीच म्हणणार होतो. पण आई काठी घेऊन बाहेर आली. "मी बसते काठावर. कोन मेला बघायला येतोय, बघते!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोरं यायच्या आधी बाई नऊवारीचा काष्टा मारून हजर. आई त्यांच्या पाठीला बिंडा बांधायची आणि मी समोरच्या पायरीवर बसून ओरडायचो. "पाय! पाय मारा, बाई! पानी हाय ते, फळा न्हाई, हळूहळू पुसायला!" बाई पाणी पीत होत्या, खोकत होत्या, पण बाहेर यायचं नाव नाही. सहाव्या दिवशी त्यांनी मधलं पाणी कापलं, तेव्हा मीच पायरीवर उभा राहून ओरडलो, "आली! आली की!" आई म्हणाली, "अरे, बाईंना आली म्हनतोस व्हय?"

आठव्या दिवशी पाण्यात उतरायच्या आधी बाईंनी पिशवीतून शाळेची फूटपट्टी काढली. बिंड्याचं फडकं सोडलं, मोजलं.

"वस्ताद, पहिल्या दिवशी हा दीड फूट होता. आज अकरा इंच. तुम्ही फसवता माणसाला?"

इतक्या वर्षांत मला कोणी पकडलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

"फसवत न्हाई, शिकवतो."

"मग सांगून तासा."

"सांगितलं की मानूस बुडतो. लाकूड कमी झालं म्हनून न्हाई, भ्याला म्हनून बुडतो."

"माझा विद्यार्थी किती पाण्यात आहे ते मी त्याला सांगते."

"तुमची शाळा, तुमची रीत. ही विहीर माझी, रीत माझी. न्हाई तर हा बिंडा तुमचा तुमीच सांभाळा!"

बाईंनी खरंच बिंडा पिशवीत घातला. जाता जाता म्हणाल्या, "अक्षय तृतीयेला सगळ्यांसमोर मी बिंड्याशिवाय या विहिरीला तीन फेऱ्या मारते. मारल्या, तर तुमची लेक पाण्यात उतरवायची. कबूल?"

"कबूल!" मी रागात म्हणालो. लेक शेणाची पाटी घेऊन मागंच उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली.

मग माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसलो ते. बाई बुडाल्या तर माझ्या वस्तादकीला बट्टा. पोहल्या तर माझा शब्द पडणार. माझीच माझ्याशी कुस्ती! बाई रोज येत राहिल्या, आई रोज बांधत राहिली. मी हट्टानं बिंड्याकडं बघत नव्हतो. पण बाईंचे पाय बघत होतो, आणि पाय छान पडायला लागले होते. ते बघून मला इतका आनंद व्हायचा की स्वतःचाच राग यायचा.

अक्षय तृतीयेला पुरणपोळीचं जेवण सोडून लोक विहिरीवर. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. बाई आल्या आणि पाठीला फडक्यातला बिंडा! लोक हसले. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "वस्ताद, बाईंचा धीर सुटला की!" मला पायरीत गडप व्हावंसं वाटलं.

बाईंनी उडी टाकली. एक फेरी. दुसरी. तिसरी. दम लागला होता, पण थांबल्या नाहीत. मग पायरीवर बसून बिंडा सोडला, फडकं काढलं आणि लाकूड विहिरीत टाकलं.

ते तरंगलं नाही. हळूहळू खाली गेलं, आणि दिसेनासं झालं.

बाई धापा टाकत म्हणाल्या, "ओली बाभूळ, वस्ताद. गेले पाच दिवस तीच बांधतेय. सांगून-सवरून; ती तरंगत नाही हे मला ठाऊक होतं. मी भ्याले नाही."

मी आईकडं बघितलं. बांधणारी तीच ना! तिनं पदर तोंडाला लावला होता आणि खांदे गदागदा हलत होते. "तुझ्या पान्यात तुलाच बुडवला रं!" ती म्हणाली, आणि मग सगळी विहीर हसली. बायांनी तर टाळ्या पिटल्या. आणि मीही हसलो, काय करणार? तरंगायला मदत न करणारं लाकूड पाठीला बांधून तीन फेऱ्या मारणारा शिष्य मला पुन्हा कधी मिळाला नाही.

लेक माझ्या धोतराचा सोगा धरून उभी होती. या खेपेला तिनं काही विचारलं नाही. नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर मी पांगाऱ्याचा नवा ओंडका कापला, फडक्यात गुंडाळला आणि लेकीला विहिरीवर नेलं. पाठीला बांधताना म्हणालो, "हे बघ, हा मी रोज बोटभर तासनार हाय."

"सांगून, दादा?"

"सांगून."

मी गाठ पक्की केली की नाही ते ओढून बघत होतो, तेवढ्यात तिनं उडी टाकलीसुद्धा.